पिल्लाचा दर जास्त का?

मालक बाहेरगावी गेले की त्यांची कुत्री सांभाळायचं काम मी करते. मोठ्या कुत्र्याचे मी दिवसाला 600 रुपये घेते, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचे 900. हा आकडा ऐकला की सोलापुरात ठरलेलं उत्तर येतं, "एवढुसं तर आहे ओ ताई, खाऊन खाऊन किती खाणार?"

खाण्याचे पैसे मी घेतच नाही, खाणं मालकाचंच असतं. मोठं कुत्रं दोनदा जेवतं, दोनदा फिरतं आणि दुपारभर पंख्याखाली पडून राहतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चारदा भरवावं लागतं. उठलं की शू, खाल्लं की शू, खेळलं की शू, रात्रीही दोन-तीन तासांनी एकदा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात रोज टॉवेलांचा ढीग धुवायचा म्हणजे काय, ते ज्याच्या घरात बॅरल भरून ठेवावी लागते त्याला वेगळं सांगायला नको.

मे महिन्यात होटगी रोडवरच्या एका कुटुंबाचा फोन आला. अडीच महिन्यांचं लॅब्रॅडॉर. घरच्यांना हैदराबादला लग्नाला जायचं होतं आणि पिल्लू माझ्या घरी ठेवायचं होतं. मी लसीचं पुस्तक मागितलं. एकच डोस झालेला, दुसऱ्याची तारीख उलटून गेलेली. डोस पूर्ण नसलेलं पिल्लू मी घरी घेत नाही. माझ्याकडे इतरांची कुत्री येतात आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनाइलनं तो मरत नाही, ब्लीचसारखं काही लागतं. म्हणून सांगितलं, तुमच्या घरी येईन. दिवसा चार फेऱ्या, रात्री मुक्काम. दर तोच.

ते तीन फेऱ्यांवर अडून बसले. "दुपारी झोपतंच की ते." त्रेचाळीस अंशांत, बंद घरात, अडीच महिन्यांचं पिल्लू! मी नाही म्हटलं. शेवटी तयार झाले. संमतीपत्रावर सही करताना म्हणाले, "तुम्ही तर बँकेसारखं करायलाव ओ." त्या कागदावर डॉक्टरांचं नाव असतं, मालकाचा फोन लागला नाही तर उपचार सुरू करायची परवानगी असते आणि 5000 रुपये अनामत असते. मला या कागदाचा अभिमान आहे. तो नसता तर ते पिल्लू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुलूप उघडलं तर पायात घुटमळायला कुणी आलं नाही. पिल्लू मोरीतल्या ओल्या फरशीला पोट लावून पडलं होतं. सकाळचं खाणं तसंच, शेजारी पिवळा फेस. हिरडीवर बोट दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला वेळ लागत होता. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती खाली बसेना, म्हणजे अंगातलं पाणी आटलं होतं. मग जुलाब झाला. तो वास एकदा घेतला की विसरता येत नाही.

मालकाचा फोन लागेना. सोलापुरी टॉवेलात गुंडाळून मी त्याला रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. तपासणीच्या किटवर पार्व्हो आला आणि सलाईन लागलं. संध्याकाळी मालकाचा फोन आला, "आई म्हणतेय दही-भात द्या, उद्यापर्यंत बघू." तोवर दुसरी बाटली चालू होती.

पुढचं वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही. "तुमच्याकडे एवढी कुत्री येतात, तुमच्याकडूनच लागलं असणार."

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. मी जाऊ लागून दुसराच दिवस होता. त्याच्या आदल्या आठवड्यात पोरांनी पिल्लाला मोकळ्या प्लॉटवर गल्लीतल्या पिल्लांत खेळायला सोडलं होतं, हे मला त्या घरातल्या वहिनींनीच सांगितलं. मी पिल्लाची फेरी सकाळी सगळ्यांत आधी करते, धुतलेल्या कपड्यांत, वेगळ्या चपलेत. पण हे सगळं फोनवर कुणाला पटवणार? ज्याला कागद म्हणजे संशय वाटतो, त्याला माझी चप्पल कशाला दिसेल!

पिल्लू वाचलं. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःहून चमचाभर खाल्लं तेव्हा मी दवाखान्यातच रडले. बिलात मी दवाखान्यात बसल्याचे ताशी 150 लावले होते. तेवढे त्यांनी वगळले. "मुक्या जनावराच्या जिवाचे पैसे लावता?" डॉक्टरांना हे कुणी विचारत नाही. आणि पार्व्होच्या पिल्लाला हात लावल्यावर मी दुसऱ्या लहान पिल्लांच्या घरात पाऊल टाकू शकत नाही. घेतलेली सगळी बुकिंगं सोडून दिली. त्या वेळी ज्या घरांना मी नाही म्हटलं, त्यांच्या सुरक्षिततेची किंमतही त्या 900 मध्येच धरलेली असते. माया आहे म्हणून मी हे काम करते, हे खरंच. पण मायेवर घरभाडं भागत नाही आणि फुकट करणारा माणूस दुपारची चौथी फेरी मारत नाही.

आता दवाखान्याचा तासाचा दर संमतीपत्रात वरच लिहिते आणि तिथे वेगळी सही घेते.

परवा त्यांचाच फोन आला, दिवाळीत चार दिवस येणार का म्हणून. पिल्लाला भेटायची मला फार इच्छा आहे. राहिलेले पैसे आधी द्या, रेबीजसकट सगळ्या डोसांच्या नोंदीचा फोटो पाठवा, मग तारखा बघू, असं कळवलंय. वहिनींनी फोटो लगेच पाठवला. पैशांचं कुणी बोललेलं नाही, म्हणून तारखा अजून दिलेल्या नाहीत.