बँकेत पैसे आहेत, मग संस्था कडकीत कशी?

मी एका ना-नफा नाट्यसंस्थेची खजिनदार आहे. कार्यकारिणीत नवं कुणी आलं की पहिल्याच सभेत विचारतं, "अहो, खात्यात एवढी रक्कम दिसतेय, मग प्रकाशयोजनेचं मानधन का थकलंय?"

कारण त्या पैशांवर नावं असतात, आणि ती बँकेला दिसत नाहीत. समजा खात्यात १०० आहेत. त्यातले ५५ बालनाट्य शिबिराच्या अनुदानाचे. ते शिबिरावरच खर्चायचे, उरले तर परत. २० कुणीतरी ध्वनियंत्रणेसाठी म्हणून दिलेले. १५ पुढच्या प्रयोगाच्या आगाऊ तिकिटांचे. हे तर चक्क देणं. नट आजारी पडून प्रयोग रद्द झाला की प्रेक्षकांना परत. राहिले १०. भाडं, वीजबिल, आमच्या एकुलत्या एक पगारी माणसाचा पगार, सगळं त्या १० मध्ये.

हे मला कुणी शिकवलं नाही, अंगाशी आल्यावर कळलं. एकदा थकलेलं भाडं मी महोत्सवाच्या अनुदानातून भरून टाकलं. आठवड्यात परत टाकू, असा हिशेब. पण अनुदानाचा पुढचा हप्ता खर्चाची बिलं दाखवल्यावरच मिळणार होता. बिलं यायला नेपथ्याचं काम सुरू व्हायला हवं, सुताराला त्यासाठी उचल हवी, आणि उचलीचे पैसे तर मी घरमालकाला देऊन बसलेले. अखेर अध्यक्षांनी पदरचे घातले. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून प्रत्येक व्हाउचरवर रकमेच्या आधी निधीचं नाव लिहिते. नाव सुचत नसेल तर सही करत नाही.

"मग तिकिटं महाग करा की!" हाही सल्ला मिळतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच यातली मेख दाखवली होती. कारखान्यात यंत्रं आली की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो. चार वादकांची रचना वाजवायला मात्र आजही चारच वादक लागतात आणि वेळही पूर्वीइतकाच. बाहेरचे पगार वाढतात तसं मानधन वाढवावं लागतं, पण प्रयोग काही दोन तासांऐवजी एका तासात उरकत नाही. तफावत वाढतच जाते. ती सगळी तिकिटातून काढायची म्हटली तर खुर्च्या रिकाम्या राहतील.

म्हणून हल्ली प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात भाडं-विजेचा वाटा आधीच धरते. काही देणगीदार तो खोडतात. शिबिराच्या फोटोत मुलं दिसतात, वीजबिलाचा कोण फोटो काढणार? मध्यंतरी एक छोटी देणगी आली, सोबत एका ओळीची चिठ्ठी : "संस्थेला योग्य वाटेल तिथे वापरा." सभेत वाचून दाखवली, तर अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा वाचा, पुढे काहीतरी अट असेल."