डोळ्यावर धरलेला फोकस कानशिलावर

“काका, आता तर ९०ची लेन्सपण बिघडली,” म्हणत तिनं लायका एम३ कॅमेरा माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला.

ती घरगुती मैफलींचे फोटो फिल्मवर काढते. मंद दिव्यात, रशियन ज्युपिटर-३ लेन्स पूर्ण उघडून, म्हणजे एफ/१.५ वर. तबलजीच्या डोळ्यावर फोकस धरला की धार यायची कानशिलावर. आधीच्या कारागिरानं या लेन्सपायी बॉडीतला रेंजफाइंडरच (दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून अंतर मोजणारी यंत्रणा) सरकवून दिला होता, आणि मग तिची ९० मि.मी. एफ/२.८ही चुकायला लागली.

असं काम दिसलं की मला राग येतो. एम३ १९५४ सालचं मॉडेल. रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर, ६८.५ मि.मी., व्ह्यूफाइंडर ०.९१ पट, म्हणजे प्रत्यक्षात उपयोगी पडणारा पाया सुमारे ६२ मि.मी. ५० मि.मी. एफ/१.५ला तो भरपूर पुरतो. बॉडी ही मोजपट्टी आहे. एका कापडासाठी कुणी गज कापत नाही.

गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर पाहिला. दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नव्हत्या. लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला कळवणाऱ्या रोलरचा स्क्रू फिरवून त्या बसवल्या. खाली येऊन फिल्मच्या जागी ग्राउंड ग्लास, म्हणजे दुधी काच, लावली, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं ठेवलं आणि भिंगानं तपासलं. ९०ची लेन्स जवळ, लांब, सगळीकडे चोख. ती बिघडलेली नव्हतीच.

मग ज्युपिटर. इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबच्या वस्तूंना, बरोबर. १ मीटरवर मात्र फोकस ३ सें.मी. मागे, दीड मीटरवर साडेचार-पाच सें.मी. म्हणजे अंतराच्या साधारण ३ टक्के, दोन्हीकडे. हे पाहून मी खुर्चीत सरसावून बसलो. नुसती सेटिंग ढळली असती तर चूक इन्फिनिटीलाही दिसली असती. चूक अंतराच्या प्रमाणात राहते तेव्हा प्रश्न फोकल लेंग्थचा (लांबच्या वस्तूची प्रतिमा लेन्सपासून किती अंतरावर पडते त्याचा) असतो.

ज्युपिटर-३ मूळची झाइसची सोनार, लुडविग बेर्टेलेनं कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी १९३२ साली केलेली रचना. नाव ५० मि.मी., खरी फोकल लेंग्थ ५२.४च्या आसपास. लायकाचा रोलर ५१.६ गृहीत धरतो. लेन्स किती पुढे सरकायला हवी हे फोकल लेंग्थच्या वर्गावर ठरतं; दोन्हींच्या वर्गांचं गुणोत्तर काढा, १.०३ येतं. तेच ३ टक्के! एफ/१.५ वर १ मीटरला जेमतेम साडेतीन सें.मी. खोली धारदार मिळते, अर्धी पुढे, अर्धी मागे. तिथे ३ सें.मी.ची चूक लपणार कशी?

इलाज लेन्समध्येच करायचा होता. काचांचा गट थोडा पुढे सरकला की फोकस जवळ येतो. १ मीटरसाठी नेमका हिशेब ०.०९ मि.मी. शिमचा, म्हणजे पातळ चकतीचा, पण तेवढा दिला तर २ मीटरवर फोकस उलट पुढे पडतो. तिला विचारलं, “तू बसतेस किती लांब?” म्हणाली, “दीड मीटर, कधी दोन.” मी ०.०७ निवडला. त्यात १ मीटरपासून ३ मीटरपर्यंत धार येते. लांबची दृश्यं एफ/४ वर काढ म्हणालो. अ‍ॅपर्चर लहान केल्यावर सोनारचा फोकस तसाही थोडा मागे सरकतो, ते इथे आपल्याच बाजूचं आहे.

लेन्सच्या डबीत चिठ्ठी ठेवली: “शिम ०.०७ मि.मी. जादा, लायकासाठी. बॉडीचा रेंजफाइंडर बरोबर आहे, त्याला हात लावू नये.”