कांचनजंगाचं मॉडेल, १:१०० : पश्चिमेच्या गच्च्या बसल्या

मुंबईच्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीचं मॉडेल आता लिफ्टच्या गाभ्यासकट उभं आहे. पश्चिमेची बाजू पूर्ण झाली, पूर्वेची अजून उघडीच आहे. मापं अशी: मूळ इमारत ८४ मीटर उंच, २१ मीटर चौरस, मजले २८ आणि फ्लॅट ३२. १:१०० ला ती ८४ सेंटीमीटर उंच होते. टेबलावर मावते आणि गच्चीत बोट घालून आतलं काम करता येतं, म्हणून हेच प्रमाण धरलं.

वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. लिफ्टचा काँक्रीटचा गाभा स्लिपफॉर्मने, म्हणजे साचा वरवर सरकवत, बाकीच्या इमारतीच्या आधी चढवला होता. वाऱ्याचा आडवा जोर मुख्यतः तोच पेलतो. मीही त्याच क्रमाने गेले. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) पोकळ गाभा बेळगावच्या उद्यमबागेत लेझरवर कापून घेतला, वाळल्यावर ओळंब्यात आहे ना ते पाहिलं आणि मग सनबोर्डचे (हलक्या फोमच्या शीटचे) स्लॅब एकेक करून त्यात सरकवले. फ्लॅट एकमेकांत अडकवलेले असल्यामुळे स्लॅब एका रेषेत येत नाहीत. त्यामुळे आधी छेदाचा, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसेल तसा, नकाशा कागदावर पुरता काढा, मगच कटर हातात घ्या.

बेळगावात बसून मी हीच इमारत का निवडली, तर ती पश्चिमेसाठी. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्र दिसतो तोही तिकडेच. पण दुपारचं कडक ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा, तो ऊन-पाऊस अंगावर घ्यायचा आणि खोल्या आत सुरक्षित राहायच्या. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आभाळात नेला. कोपऱ्यात दोन मजले उंच गच्ची आणि ६.३ मीटरपर्यंत बाहेर झेपावणारे स्लॅब. आपल्याकडे खानापूर-जांबोटीच्या घरांना पुढे सोपा (ओसरी) असतो आणि पावसाळ्याआधी पश्चिमेला ताडपत्री बांधली जाते, त्यामुळे हा विचार मला समजावून घ्यावा लागला नाही.

आता प्रयोग. खोली अंधारी करून टॉर्च पश्चिमेला धरला, कोन मोजून. सूर्य ४५ अंशांवर असताना, म्हणजे मुंबईत मार्चमध्ये साधारण दुपारी साडेतीनला, ऊन गच्चीतच संपतं. खोलीच्या भिंतीला जेमतेम टेकतं. ३० अंशांवर, साडेचारच्या सुमाराला, मात्र ते चार मीटर आत शिरतं. गणितही तेच सांगतं: उघडी उंची सहा मीटर धरली तर ४५ अंशांना सहा मीटर खोल गच्ची पुरते, ३० अंशांना साडेदहा लागते. म्हणजे गच्ची दुप्पट उंच केली की हवा-उजेड वाढतो, पण उनालाही वाट मिळते, आणि ती किंमत गच्ची खोल करूनच चुकवावी लागते. उंची आणि खोली या दोन मापांचं हे नातं नुसते फोटो पाहून मला कधीच कळलं नसतं.

पावसासाठी पाणी वापरलं नाही, या प्रमाणाला थेंब फारच मोठा पडतो. बारीक रांगोळी टेबल फॅनसमोर सोडली. तीही प्रमाणात नाहीच, पण तुलनेपुरती चालते. सपाट भिंतीच्या तुकड्यावर पांढरा थर सगळीकडे बसला. गच्चीच्या तुकड्यात बहुतेक रांगोळी बाहेरच्या अर्ध्यात राहिली आणि आतली भिंत जवळजवळ कोरी.

हेच गणित बेळगाव शहरातल्या नव्या अपार्टमेंटना लावून पाहा. तीन फुटांची बाल्कनी, वर तीन मीटरवर स्लॅब: ४५ अंशांचं ऊन बाल्कनी ओलांडून खोलीत दोन मीटर आत येतं. झड तर थेट दारावर. मग लोक ग्रील बसवतात, त्यावर ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावतात आणि बाल्कनीची खोली होऊन जाते. मला याचं वाईट वाटतं. बेळगावला सह्याद्रीवरून येणारा पाऊस आणि संध्याकाळचा गार वारा दोन्ही आहेत, इथे दहा फूट खोल गच्चीचा फ्लॅट कुणीतरी बांधायलाच हवा. एक खोली कमी झाली तरी चालेल.

पूर्वेची बाजू लागेपर्यंत दुसरं काम सुरू केलंय: अहमदाबादचं संगथ, वास्तुविशारद बी. व्ही. दोशींचा स्वतःचा स्टुडिओ. दोशी जन्माने पुण्याचे (१९२७), वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला २०१८ मध्ये. अर्धवट जमिनीत उतरलेल्या कमानदार छपरांवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर आहे, तो ऊन परतवतो. छपराच्या दोन थरांमध्ये पोकळ मातीची नळकांडी आहेत, ती उष्णता अडवतात. कमानीसाठी पीव्हीसी पाइपवर मलमल आणि प्लास्टर ऑफ पॅरिस असा थर दिलाय. चिनीमातीसाठी अंड्याची टरफलं आतली पातळ साल काढून, वाळवून, चुरून. छोट्या तुकड्यावर ती उत्तम बसली. पोकळ नळकांडी खानापूरच्या मातीची करायची आहेत. तिथल्या कुंभारांकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची करून मिळतात का, ते या बाजाराला जाऊन विचारणार आहे. कुणी इतक्या बारीक मापात माती भाजून घेतली असेल तर सुकताना ती किती आकसते ते कळवा, साचा त्या हिशेबाने मोठा धरायचाय.