झेलेंकाचं 'मिझेरेरे': खालून वर

मंडळी, यान डिसमास झेलेंका या बरोक काळातल्या संगीतकाराचं सी मायनरमधलं 'मिझेरेरे' (1738; दयेची याचना करणारं लॅटिन स्तोत्र, गायक आणि वाद्यवृंदासाठी) हस्तलिखितावरून म्यूजस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला घेतलं होतं, त्यातला पहिला भाग काल संपला. स्कॅन ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाने ऑनलाइन खुले ठेवलेत, त्यामुळे खर्च शून्य. डोळ्यांचं सांगत नाही.

पहिले तीन आठवडे क्लेफनी खाल्ले, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणाऱ्या खुणांनी. सोप्रानो, आल्टो, टेनर (गायकांचे आवाज, वरून खाली), तिघांचा सी क्लेफ वेगवेगळ्या रेघेवर: खालच्या, मधल्या, आणि वरून दुसऱ्या. मी मूळचा पेटीवाला, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) चाळिशीत शिकलेला. आल्टोची ओळ नेहमीचा ट्रेबल क्लेफ समजून भरली, म्हणजे सा हवा तिथे वरचा नी. प्ले दाबलं, भयंकर वाजलं, आणि तरी दोन दिवस मी ते तसंच ठेवलं! कारण झेलेंकाच्या बाबतीत कर्कश वाजलं म्हणजे चुकलंच, असं म्हणता येत नाही. या भागात तो स्वर एकमेकांना इतके घासतो की 'हे त्याचं की माझं' हेच कळेना.

सुटका झाली ती बासपासून, म्हणजे सर्वांत खालच्या ओळीपासून, सुरुवात केल्यावर. आधी मी गाण्याची चाल धरावी तशी वरची ओळ आधी भरत होतो. आता आधी फक्त बास आणि त्याखालचे आकडे (बासच्या स्वरावर कुठले स्वर वाजवायचे ते सांगणारे) भरतो. पेटीच्या भाषेत पांढरी एकचा खर्ज लावून बसायचं. खालची तंतुवाद्यं एकसारखी ठोकत राहतात, आणि त्यांच्यावर ठेवून पाहिलं की वरचा प्रत्येक घासणारा स्वर कुठून आला आणि कुठे सुटतो ते दिसतं. न सुटणारा स्वर बहुतेक वेळा माझी चूक निघाला.

यात नवल नाही म्हणा. 1710च्या सुमारास झेलेंका बोहेमियातून ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात आला तो व्हायोलोन वाजवायला, म्हणजे डबल बासचाच जुना भाऊबंद. अख्खं चर्चसंगीत त्याने तळातून ऐकलं. पुढे सदतिशीच्या आसपास व्हिएन्नाला संगीतकार फुक्सकडे काउंटरपॉइंट (अनेक चाली एकत्र गुंफण्याचं शास्त्र) शिकायला गेला (चाळिशीतल्या विद्यार्थ्यांनी धीर घ्यावा). 1729 मध्ये दरबारचा संगीतप्रमुख हाइनिशेन वारल्यावर चर्चचं बरंच काम याच्यावर पडलं, पण संगीतप्रमुखाचं पद गेलं ऑपेरावाल्या हासेकडे. झेलेंकाने 1733 मध्ये अर्ज केला. 1735 मध्ये 'चर्च कंपोझर' एवढी पदवी हाती आली. हासे मला वाईट वाटत नाही, पण त्याचं संगीत दोन महिने रेघ-रेघ उतरवत बसेन असंही वाटत नाही.

आपल्यासारखाच तोही नोंदी ठेवायचा. 1726 पासून स्वतःच्या संग्रहातल्या धार्मिक संगीताची यादी त्याने स्वतः लिहिली. त्याचं खात्रीचं एकही चित्र नाही, त्यामुळे माझ्यासाठी त्याचा चेहरा म्हणजे हे अक्षर.

आता 'मिझेरेरे'चा दुसरा भाग, ज्याचा पाया जुन्या इटालियन संगीतकार फ्रेस्कोबाल्डीच्या एका रिचेरकारवर (एकच चाल वेगवेगळ्या ओळींत फिरवणारी वाद्यरचना) आहे. म्हणजे शंभर वर्षं जुनी शैली, लांब स्वर, घासाघीस कमी. बास भरून झालाय. म्यूजस्कोर मात्र बासखालचे आकडे एकमेकांवर चढवतोय. कुणाला तोडगा माहीत असेल तर सांगा, तोवर मी टेनर घेतो.