9.8, 9.8, 9.8

महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, त्यासोबत एक तक्ता होता. नाव, पदवीचं वर्ष, सध्याचं पद, पुरस्कार, परदेश दौरे. तो भरायला चार मिनिटं लागली. 'जमल्यास दोन पानी मनोगत' मात्र तीन रविवार खाऊन बसलंय, कारण कुठूनही सुरुवात केली तरी मी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये, खिडकीकडून दुसऱ्या टेबलाशी येऊन थांबते. तेव्हा तिथलंच लिहिते. बाकीच्या प्राध्यापकांनी राग मानू नये. गणितात मी कशी पास झाले आणि त्यात मॅडमचा वाटा किती, हे मला ठाऊक आहे, पण पानं दोनच आहेत.

सरांचं नाव लिहीत नाही. ही स्मरणिका हातात घेणाऱ्याला 'लॅबमधले सर' म्हटल्यावर दुसरं कोणी आठवायचं नाही. पांढरा कोट, उजव्या खिशाला ॲसिडने पडलेलं भोक, आणि पहिल्या वर्षाच्या पोरासोरांनाही 'अहो' म्हणायची सवय.

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेट. आमच्यातल्यांना सांगायला नको, कला शाखेवाल्यांसाठी सांगते: 0.63 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड तोलून त्याचं 100 मिलिलिटर द्रावण करायचं. त्यातलं 10 मिलिलिटर पिपेटने काढून त्यात विरल सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं आणि वरून ब्युरेटमधलं, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या काचनळीतलं, जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. फिका गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती मिलिलिटर परमँगनेट लागलं ते वाचायचं. हे टायट्रेशन, आणि तो आकडा म्हणजे रीडिंग. आधी अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन नीट रीडिंगं, दर वेळी नवं 10 मिलिलिटर घेऊन, आणि त्यांतून सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग.

या प्रयोगात पहिले थेंब रंग सोडायलाच तयार नसतात. फ्लास्क हलवत राहा, गुलाबी ते गुलाबीच. मग अचानक रंग जातो आणि पुढचे थेंब पडल्या पडल्या विरतात. आम्हाला वाटायचं, तापवायला कमी पडलं. सर म्हणाले, "अहो, पहिल्या थेंबांतून जे मँगनीज तयार होतं, तेच पुढच्या क्रियेला वेग देतं. सुरुवातीला ते नसतंच तिथे. दम धरा."

त्या दिवशी मला दम नव्हता. पायलट झालं, पहिलं रीडिंग 9.8 आलं. वर्गात सगळ्यांचं तिथेच घुटमळत होतं. आणखी दोनदा करून वेगळं काय निघणार? मी तक्त्यात 9.8 च्या खाली आणखी दोन 9.8 लिहिले, ब्युरेट धुऊन टाकली आणि जर्नल सहीला नेलं.

सरांनी जर्नल पाहिलं, मग माझ्या टेबलाकडे पाहिलं. उठून गेले, माझं उरलेलं ऑक्झॅलिक ॲसिड मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतलं आणि वाकून वाचलं. 78.

"शंभरातून चार वेळा दहा गेले की साठ उरतात. पिपेट खंगाळायला दोन धरू. तुमच्याकडे अठ्ठ्याहत्तर आहेत. वीस कुठून आले?"

आवाज इतका खाली की शेजारच्या टेबलावर कळलंही नसेल. मी घाईघाईने ते दोन आकडे गिरवून काळे करायला लागले, तर म्हणाले, "गिरवू नका. एक रेघ मारा. काय खोडलं ते वाचता आलं पाहिजे. बाजूला सही करा, तारीख टाका. आता रीडिंगं घ्या आणि येतील ती लिहा."

बॅच गेली. लॅब असिस्टंट किल्ल्या घेऊन दारात उभे. माझे हात थरथरत होते. पहिल्यांदा सल्फ्युरिक ॲसिडच कमी पडलं, फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला, ते ओतून दिलं. मग 9.6 आलं. मग 10.0. मग दोनदा 9.7. हवं ते 9.8 काही पुन्हा तोंड दाखवेना. सर एवढा वेळ माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या बॅचची जर्नलं तपासत बसले होते. मी पुन्हा काहीही लिहू शकले असते. सगळी लिहिली, 10.0 सुद्धा. सरांनी सही केली आणि दोन मार्क कापले. निदान एक तरी सोडायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

आज मी औषधांच्या गुणवत्ता तपासणीत आहे, विभाग माझ्याकडे आहे. हे तक्त्यात लिहिलंय, ते समितीला पुरे. त्यात न मावणारं असं की आमच्या क्षेत्रात 1990 च्या दशकापासून 'अल्कोआ' नावाचं एक सूत्र चालतं. नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच लिहिलेली पाहिजे, मूळ पाहिजे, अचूक पाहिजे. पहिल्यांदा एका प्रशिक्षणात हे पडद्यावर आलं तेव्हा शेजारचे भराभर उतरवून घेत होते. मला सिलिंडरमधले 78 दिसत होते. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, सही, तारीख, हाही आमच्याकडे नियम आहे. नव्या मुलांना तो मी शिकवते आणि तेव्हा माझ्या तोंडून 'अहो' निघतं. आता तपासणीची यंत्रं, त्यांत नमुना कधी सोडला (याला आम्ही इंजेक्शन म्हणतो) ती प्रत्येक वेळ आपोआप नोंदवतात, नको असलेलं रीडिंग गुपचूप पुसायची सोय राहिलेली नाही. त्या नोंदीला ऑडिट ट्रेल म्हणतात. सरांचं काम सिलिंडरवर भागायचं.

आमच्या अकरा जणांच्या बॅचची माहिती गोळा करायचं कामही समितीने माझ्याच गळ्यात घातलं. दोघं रंगांच्या उत्पादनात, एक बँकेत, एक शाळेत मुख्याध्यापक. सगळ्यात जास्त काचसामान फोडणारा आता काचसामानाचंच कॅलिब्रेशन करतो, म्हणजे त्यावरची मापं बरोबर आहेत का ते तपासतो. त्यावर ग्रुपवर दोन दिवस हसणं चाललं होतं. एकीने 'सध्याचं पद' या रकान्यात 'काही नाही' लिहून पाठवलं. फोन केला तेव्हा कळलं, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, सगळं हिच्यावरच. रक्तदाबाची वही ठेवते, वेळ घालून, रोज तीनदा. डॉक्टर तिलाच विचारतात. मी रकान्यात तेवढं लिहायला सांगितलं, ती नको म्हणाली. म्हणून इथे लिहितेय, नावाशिवाय.

मागच्या वर्षी लॅबमध्ये डोकावले. रायडरचा, म्हणजे दांडीवर सरकवायच्या बारीक वजनाचा, जुना तराजू काचेच्या कपाटात गेलाय. तोंडाने पिपेट ओढणं बंद झालं, ते बरंच झालं. द्रावणाची तीव्रता मोजायची जुनी पद्धत, नॉर्मॅलिटी, बाजूला पडली, तिचीही हळहळ नाही. पण एक मुलगा संगणकाच्या पडद्यावर टायट्रेशन करत होता. बटण दाबलं की थेंब. तिन्ही रीडिंगं तंतोतंत सारखी, आणि त्याबद्दल शाबासकीचं चित्रही. मी काही बोलले नाही. पाहुण्या बाईने बोलू नये.

20 मे 2019 पासून मोलची, म्हणजे पदार्थातले कण मोजायच्या रसायनशास्त्रातल्या एककाची, व्याख्या बदलली. 12 ग्रॅम कार्बन-12 मध्ये जितके अणू तितके कण, ही आम्ही घोकलेली 1971 ची व्याख्या गेली आणि ठरलेली संख्याच आली. मी उत्साहाने सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग आता ऑक्झॅलिक ॲसिड किती तोलायचं?"

"तेवढंच सर. 0.63."

"मग ठीक आहे."

सर सोहळ्याला येणार आहेत, असं समितीने कळवलंय. लेखासोबत जुना फोटो मागितला होता. सरांबरोबर माझा एकही फोटो नाही. त्याऐवजी जर्नलचं पान 47 पाठवत आहे. रेघ मारलेले दोन 9.8 त्यावर स्पष्ट वाचता येतात. खालच्या कोपऱ्यातले तपकिरी डाग मँगनीज डायऑक्साइडचे आहेत, मुद्रकांनी ते साफ करू नयेत.