अफवेला दहा दिवसांची मुदत

लेकीच्या दप्तरात ‘स्पीक’ सापडलं. नुसतं चाळायचं म्हणून बसले आणि रात्री दीडला दिवा मालवला. लॉरी हॉल्स अँडरसन यांची ही कादंबरी 1999 सालची. मेलिंडा हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, म्हणजे नववीत. सुट्टीतल्या एका पार्टीतून तिनं पोलिसांना फोन केला, एवढंच सगळ्यांना माहीत. का केला, हे कुणीच विचारत नाही. तिच्यावर बलात्कार झालेला असतो. पार्टी उधळली म्हणून सगळी शाळा तिला वाळीत टाकते आणि ती हळूहळू बोलणंच सोडून देते.

असलं पुस्तक चौदा वर्षांच्या मुलीनं वर्गात वाचायचं, हे पहिल्यांदा मलाही खटकलं. इथं अमेरिकेतही अनेक पालकांना खटकतं, ते शाळांतून काढावं अशी मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे. पण त्याच महिन्यात जे घडलं, त्यानंतर मी तक्रार करायची नाही असं ठरवलं.

लेकीच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल कुणीतरी काहीबाही लिहून पसरवलं. संध्याकाळपर्यंत ते शंभरेक फोनांवर पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी लेक सरळ समुपदेशकांकडे गेली आणि त्यांना सगळं दाखवून आली. मला कळलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “तुला कुणी सांगितली होती नसती उठाठेव?”

आम्ही राहतो त्या न्यू जर्सीत यासाठी कायदा आहे. 2010 मध्ये इथल्या रटगर्स विद्यापीठातल्या, छळ झालेल्या एका विद्यार्थ्यानं जीव दिला आणि पुढच्या जानेवारीत हा कायदा झाला. प्रत्येक शाळेत छळाच्या तक्रारी बघणारी एक नेमलेली व्यक्ती असते. तक्रार आली की शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू व्हायलाच हवी, आणि लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत ती पुरी व्हायला हवी. पालकांना कळवावं लागतं. शाळेबाहेर, मोबाइलवर घडलेलं असलं तरी त्याचा शाळेतल्या मुलांवर परिणाम होत असेल, तर शाळेला हात झटकता येत नाहीत. मी ते सगळं नियमपत्रक दोनदा वाचलं. ‘मुलं आहेत, चिडवायचीच’ या वाक्याला त्यात कुठंही जागा नाही, याचं मला फार, फार अप्रूप वाटलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, 2016 मध्ये. भाची सांगते, तिच्या शाळेत तक्रारपेटी आहे. आणि इथल्या नियमालाही वर्गातल्या मुलांची तोंडं बंद करता आली नाहीत. शाळेचे दहा दिवस म्हणजे दोन आठवडे. ते दोन आठवडे ती मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसून डबा खात होती. चौकशी चालू होती, फॉर्म भरले जात होते, आणि तिच्या टेबलाशी बसायला तिसऱ्या दिवसापासून माझी लेक जाऊ लागली. असं करायचं हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

आमच्या वर्गातही एक होती. दुसऱ्या बाकावर बसायची. एका मुलाच्या वहीत तिची चिठ्ठी सापडली म्हणे. चिठ्ठी कुणीच पाहिली नव्हती. फळ्यावर दोघांची नावं, जिन्यात शिट्ट्या, आणि आम्ही मुलींनी तिच्याशी बोलणं बंद केलं. मीही. सहामाहीनंतर ती शाळेत आली नाही. मी कुणाला सांगणार होते? बाईंना? बाईंनीच तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी सांगितलं असतं तर माझंच शाळेत जाणं बंद झालं असतं. चौदाव्या वर्षी यापुढे काय सुचणार होतं मला, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. लेकही चौदाचीच आहे.

मेलिंडाला शाळेत एक चित्रकलेचे सर भेटतात. ते तिला वर्षभर झाडाचं चित्र काढायला लावतात आणि तिच्या बोलण्याची वाट बघतात. ती पानं मी पुन्हा वाचली.

रविवारी आईला फोनवर त्या मुलीबद्दल विचारलं. मला वाटलं, आईला आठवतही नसेल. तिनं चटकन नाव घेतलं, आडनावासकट.

“गणितात फार हुशार होती गं ती,” आई म्हणाली. “आणि ते चिठ्ठीचं सगळं खोटं होतं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.”