आप्पांची माडी आणि कांद्याची बुरशी

मी कुडाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभरात सगळ्यात जास्त होते ती शुगर. सिरममध्ये, म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या पाण्यात, रिएजंट (चाचणीचं रसायन) घालायचं, ३७ अंशांवर ठेवायचं, गुलाबी रंग चढला की मशीन आकडा देतं.

त्या रिएजंटमधलं मुख्य एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन), ग्लुकोज ऑक्सिडेज, एका काळ्या बुरशीकडून मिळवतात. कांदा सोलताना बोटाला काजळी लागते ना, बहुतेक वेळा तीच ही. दुसरं एन्झाइम मोहरीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळातलं. बुरशीला माणसाच्या चाचणीशी काही देणंघेणं नाही, पण वेंगुर्ल्याच्या माणसाच्या रक्तातलं ग्लुकोज ती अचूक हेरते. ग्लुकोज सगळीकडे तेच.

आमचे आप्पा, आईचे मामा, सत्तरी उलटेपर्यंत माडावर चढायचे. एकदा त्यांच्याकडची नीरा बर्फात घालून लॅबमध्ये नेली (साहेबांना हे कळलं नाही, कळू नये). चुना लावलेल्या मडक्यातली, म्हणजे न आंबलेली, पहाटेची. जिभेला गोडमिट्ट, पण ट्यूबमध्ये रंग अगदीच फिका! कारण तिच्यातली बहुतेक साखर उसातलीच, सुक्रोज, आणि आमच्या एन्झाइमला ती कळत नाही. बिनचुन्याच्या मडक्यातली, आंबून फेसाळलेली, म्हणजे माडी, मात्र चांगली गुलाबी झाली. यीस्टने सुक्रोज फोडून ग्लुकोज मोकळं केलं होतं.

पुढे यीस्ट ते ग्लुकोज दहा पायऱ्यांनी मोडतं. माडावर चढताना आप्पांच्या पोटऱ्यांत त्याच दहा पायऱ्या चालायच्या. शेवट तेवढा वेगळा: तिकडे अल्कोहोल, इकडे दमछाक झाली की लॅक्टिक आम्ल. बरं झालं, उलटं असतं तर आप्पा शेंड्यावरच झिंगले असते.

आता आप्पांना इन्सुलिन आहे. पूर्वी ते डुकरा-गाईंचं असे. डुकराच्या इन्सुलिनमध्ये ५१ पैकी एकच अमिनो आम्ल आपल्यापेक्षा वेगळं. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनची जनुकं ई. कोलाय जिवाणूत घातली, आणि आतड्यातल्या त्या जंतूने माणसाची लिपी न अडखळता वाचली. डीएनएची तीन-तीन अक्षरांची भाषा दोघांची एकच.

हे सगळं मी गणपतीत पडवीत बसून आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माज्या रगतातली नि माडयेतली साखर एकच?"

"होय."

"मगे माका माडी सोडूक कित्याक सांगतंस गो?"

मी इन्सुलिनचं पेन पुढे केलं.